आखाजी, आडवी बाटली आणि नोवी साद

बिअरचा वास मला पहिल्यांदा आला तो आमच्या केळीच्या बागेत. वैशाखात कापणी जोरात असते. व्यापाऱ्याची माणसं चांगले घड निवडून, केळीच्याच पानांच्या गादीवर निजवून ट्रक भरतात. ज्यांना डाग पडलाय, जे झाडावरच पिवळे झाले, ज्यांच्या फण्या वाकड्या आल्या, ते बांधाला टाकतात. या टाकलेल्या मालाला आमच्याकडे वापसी म्हणतात. वापसीचा ढीग उन्हात पडून राहिला की त्यातून एक वास उठतो. गोडसर, आंबूस, थोडा पावासारखा. वर चिलटांचा ढग असतो. शाळेत असताना मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, त्या ढिगाजवळच्या सावलीत मुद्दाम जाऊन बसायचो. तो वास मला आवडायचा. अजूनही आवडतो. दादा पुढे दारूनं गेला, तरी आवडतो. या वाक्याची मला कित्येक वर्षं लाज वाटली. आता मी ते लिहून टाकलं आहे आणि खोडणार नाही.

यंदाही आखाजीला गावी आलो तेव्हा बांधावर तोच ढीग होता. धुळ्याहून निघालं की पारोळा, एरंडोल करत जळगाव येतं, तिथून यावलची गाडी, आणि मग सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. खिडकीतून आत येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. रस्त्याला माणूस नाही. फक्त केळीच्या बागा हिरव्यागार, काठाला उन्हानं फाटलेली पानं, आणि गावात शिरताना कडुनिंबाला बांधलेला झोका. त्या झोक्यावर बसलेल्या पोरी बघितल्या आणि गेल्या वर्षीची आखाजी सगळीच्या सगळी अंगावर आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, मेंदी काढतात, झोके घेतात, पोटभर आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खातात. त्याच दिवशी घरात गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची असते. मातीची नवी घागर, तिच्यावर लोटा, लोट्यावर आंबा. वहिनी दादाच्या नावानं दरवर्षी घागर भरतात. मी समोर बसतो, नमस्कार करतो आणि मान वर करत नाही. दादानं शेती सांभाळली म्हणून मी शिकलो. तो पिऊन धुळ्याला माझ्याकडे यायचा तेव्हा मी त्याला चहा पाजून परतीच्या गाडीत बसवून द्यायचो. घरी ठेवून घेतला नाही. एवढंच आहे ते, आणि ते संपत नाही.

दादा गेल्यावर वहिनींनी गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलं. दगड मारून नाही, मत टाकून. आमच्या राज्यात तशी सोय आहे. बायकांनी सह्या करून मागणी केली की मतदान होतं. कागदावर दोन बाटल्या छापलेल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. दुकान राहू द्यायचं असेल तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. ऐकायला सोपं आहे. पण मेख अशी की पडलेल्या मतांत आडवी पुढे असून भागत नाही. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी तिच्यावर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी बाई आलीच नाही, ती आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते. वहिनींनी तेव्हा घरोघर जाऊन बायका बाहेर काढल्या. बाळंतिणीसुद्धा आल्या. दुकान गेलं. आमची लेक तेजल त्यानंतर काही वर्षांनी जळगावला फूड टेक्नॉलॉजी शिकायला लागली आणि गावातून रोज बसनं ये-जा करत चार वर्षं वहिनींजवळ राहिली. ती त्यांना मोठीआई म्हणते. वहिनींना मूल नाही. त्यांना जी काय आहे ती तेजलच.

आणि तेजल बिअर बनवते.

सर्बियात नोवी साद नावाचं शहर आहे, डॅन्यूब नदीच्या काठी. तिथे ती पुढचं शिकायला गेली आणि तिथल्याच एका छोट्या ब्रुअरीत लागली. जुन्या कारखान्याची शेड, आत चकचकीत स्टीलच्या टाक्या, ओली फरशी, भिंतीला टांगलेल्या सायकली. गेल्या वर्षी चैत्रात मी तिच्याकडे गेलो होतो. बायको शाळेत शिकवते, तिच्या परीक्षा चालू होत्या म्हणून एकटाच गेलो. आमच्या नातेवाइकांत तेजल ‘ज्यूसच्या कंपनीत’ आहे. हा शब्द कोणी काढला ते मला माहीत नाही, पण मी तो कधी दुरुस्त केला नव्हता.

ब्रुअरीचा मालक मिलोश. उंच, टकला, मनगटापर्यंत गोंदलेला, आणि बोलायला आमच्या गावच्या मिस्तरीसारखा. त्यानं तेजलला विचारलं, तुझे वडील काय करतात. ती म्हणाली, शहराला पाणी देणाऱ्या फिल्टर हाउसमध्ये केमिस्ट आहेत, गढूळ पाणी निवळून स्वच्छ करतात. मिलोशनं माझ्या हातात ग्लास दिला आणि म्हणाला, “मग यांना माझ्या टाक्यांपासून लांब ठेव.”

कारण त्यांची बिअर गढूळ असते. मुद्दाम. पिवळी, दाट, आंब्याच्या पन्ह्यासारखी. ग्लासच्या पलीकडे धरलेलं बोट दिसत नाही. मी आयुष्यभर ग्लास उजेडात धरून त्यात काही तरंगतं का ते बघत आलो. पाऊस पडून नदीला लाल पाणी आलं की तुरटीची मात्रा वाढवायची, गाळ खाली बसवायचा, वरचं नितळ पाणी पुढे सोडायचं, हे माझं काम. आणि माझी पोरगी मला सांगत होती, “पप्पा, गाळली तर चवच जाईल. जे तरंगतंय ना, तेच हवंय.” जवाला मोड आणून वाळवलेलं धान्य, त्यात गहू आणि ओट, मग हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. त्यांच्या हिरव्या गोळ्या तिनं माझ्या तळहातावर चुरडल्या. आंब्याची साल, मोसंबी, कापलेलं गवत, सगळं एकदम नाकात गेलं. ती गोळी म्हणे आधी उकळायची नाही, नाहीतर नुसती कडू लागते. थंड झाल्यावर, शेवटी टाकायची, म्हणजे वास राहतो. शिवाय फळं. त्या देशात रास्पबेरी पुष्कळ. डोंगरातली कुटुंबं उन्हाळ्यात पहाटे तोडणी करतात आणि संध्याकाळी कोल्ड स्टोरेजवाल्यानं भाव कमी सांगितला म्हणून शिव्या घालतात. हे मिलोश सांगत होता आणि मला आमचा बाजार आठवत होता. रास्पबेरीची बिअर जांभळट, जर्दाळूची केशरी, आलुबुखारची मातकट.

मागच्या बाजूला निळे ड्रम होते. वर लिहिलं होतं, केळ्याचा गर, भारत. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेजल हसली. तिनंच मिलोशच्या मागे लागून जळगावच्या एका पल्प कारखान्यातून तो मागवला होता. आपल्याकडची वापसी टेम्पोत भरून तिथेच जाते. बांधावर सडून जायची ती केळी आता तिथे साल काढून, गर होऊन, ड्रममध्ये बसून समुद्रावरून नोवी सादला जात होती. त्या केळीची बिअर त्यांनी त्या मोसमापुरती काढली होती. डब्यावर तेजलनं काढलेलं चित्र होतं, केळीच्या फाटक्या पानाचं, आणि नाव होतं ‘वैशाख’. सर्बियन माणसं ते नाव म्हणताना शेवटचा ख घशातून घासून काढत, आणि मला ते आवडलं.

मी ती प्यालो. इथे ‘चाखली’ असं लिहिता आलं असतं. पण मी अख्खा ग्लास प्यालो, सावकाश, शेडच्या दारात खुर्ची टाकून. बाहेर ऊन होतं, आपल्याकडच्या माघातल्यासारखं कोवळं. आधी पिकल्या केळ्याचा वास, मग आंबट, मग कुठून तरी थोडा लवंगेसारखा तिखटपणा, आणि शेवटी बांधावरचा तो ढीग. मी आणि दादा. मला ती फार आवडली. 

मिलोश शेजारी येऊन बसला. तेजलनं त्याला दादाबद्दल कधीतरी सांगितलं असावं. तो बोलत गेला, तेजल मराठीत सांगत गेली: माझे वडीलही त्यातच गेले. घरी काढलेली आलुबुखारची दारू, रकिया. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या कबरीवर तिचा घोट सांडायची रीत आहे. त्याची आई कबरीवर नुसतं पाणी ओतते. कोणी विचारलं तर म्हणते, त्याच्या वाट्याची त्याची पिऊन झाली. मी तेजलला विचारलं, “तरी हा हाच धंदा करतो?” तिनं माझा प्रश्न त्याला सांगितला नाही. मलाच म्हणाली, “पप्पा, मीही हाच करते.”

वहिनींचा फोन आला तेव्हा मी तिथेच, टाक्यांमध्ये उभा होतो. मागे पंप घरघरत होता.

“भाऊजी, मागं कसला आवाज येऊ राह्यला? मोटर चालू हाये का?”

मी म्हणालो, “तेजलच्या कामावर आलोय वहिनी. बिअरच्या कारखान्यात आहे.”

 ज्यूसचा पडदा सगळ्यांनी मिळून धरलेला होता, वहिनींनीही. मग त्या म्हणाल्या, “बरं. जेवले का?” आणि थोड्या वेळानं मूळ गोष्टीवर आल्या. गावाच्या फाट्यावर संजूनं बिअर शॉपी उघडली होती. संजू म्हणजे आमच्याच भाऊबंदांतला, दादाच्या मांडीवर खेळलेला. शाळेची वाट त्याच दुकानासमोरून जात होती. मजुरीचा दिवस झाला की दुकानामागच्या बागेत माणसं बसायची आणि बायका वाट बघायच्या. वहिनींनी पुन्हा सह्या गोळा केल्या होत्या. पुन्हा मतदान लागलं होतं.

“कधी?”

“आखाजीच्या दुसऱ्या दिवशी,” वहिनी म्हणाल्या, आणि मग अगदी हळू, “चुकी झाली भाऊजी.”

अशी चूक आमच्याच गावात होऊ शकते. तहसीलच्या साहेबांनी विचारलं होतं, बायकांना सोयीची तारीख कोणती. सगळ्या एका आवाजात म्हणाल्या, आखाजीला लागून. कारण आखाजी म्हटलं की डोळ्यापुढे बायकांनी भरलेलं गाव येतं. ते खरंच आहे. पण त्या बायका गावच्या लेकी. त्यांची नावं त्यांच्या सासरच्या यादीत. आणि ज्यांची नावं आमच्या यादीत आहेत, त्या गावच्या सुना त्याच दिवसांत आपापल्या माहेरी, आपापल्या झोक्यावर. तारीख कागदावर चढली आणि घरी येऊन पुरण वाटता वाटता हे कोणाच्या तरी ध्यानात आलं. म्हणे ती बाई पाट्यावर वरवंटा तसाच ठेवून उठली.

आता एकेका सुनेला फोन करून सांगायचं होतं, वर्षातनं एकदा मिळणारं माहेर अर्ध्यात टाक आणि ये. कोण दोंडाईचाची, कोण चोपड्याची, कोण पार गुजरातेत. वहिनी सांगत होत्या, “काही जणी फोनवर रडल्या हो. पण येतो म्हणे.”

मी म्हणालो, “तेजलचं नाव आहे ना यादीत?” कॉलेजात असतानाच तिचं नाव गावात लागलं होतं आणि लग्न न झाल्यानं तिथेच राहिलं होतं.

“हाये,” वहिनी म्हणाल्या. “तिले नही बोलावलं मी. तुम्ही समजून घ्या.”

तेजल समोर उभी होती. फोन स्पीकरवर नव्हता, पण माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. त्या संध्याकाळी नदीकाठानं चालताना मी तिला सगळं सांगितलं. ती पुढे चालत राहिली. मग म्हणाली, “मोठीआई बरोबर म्हणते. मी गेले तर तिचं हसं होणार. पण नाही गेले तर मला उभ्या बाटलीत मोजतील. तसं मी मोजून घेणार नाही.” आणि तिनं मिलोशकडे रजा मागितली. मिलोशनं विचारलं, कशासाठी. तिनं सांगितलं, बिअरचं दुकान बंद करायला. तो एवढा हसला की टाकीला टेकून उभं राहावं लागलं. रजा दिली.

विमानात मला झोप आली नाही. घरात ठेवून न घेतलेल्या दादाच्या बाबतीत मी कोणत्या बाटलीत मोजला गेलो असेन, हे मला त्या मतदानाच्या नियमातून पहिल्यांदा नीट कळलं.

आखाजीच्या दिवशी दुपारी आम्ही गावी पोचलो. वहिनी घागरीला दोरा गुंडाळत होत्या. तेजलला बघून त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, “चप्पल बाहेर काढ. पाय धू.” तेजलनं पाय धुतले, दादाच्या घागरीला नमस्कार केला आणि त्यांच्याजवळ बसली. तिनं तिकडून त्यांच्यासाठी लोकरीची शाल आणली होती. वहिनींनी ती हातात घेतली, पोत बघितला आणि परत तिच्या मांडीवर ठेवली.

“उद्या मी येणार आहे शाळेत,” तेजल म्हणाली. मतदान शाळेत होतं.

“नको येऊ. माह्यं हसू होईन.”

“होऊ दे.”

“तू बनवायची अन् मी बंद करायची. लोकाईनं काय समजायचं?”

“त्यांना समजायचं ते समजू दे. माझं नाव आहे तिथे.”

“मंग सोडून दे ना ते काम. लोकाईले कामं नही का दुसरे?”

“नाही सोडणार मोठीआई. मला ते येतं. मला ते आवडतं.”

मी मध्ये पडलो. मला वाटलं, आज हिच्या एकटीच्या अंगावर नको. म्हणालो, “वहिनी, मीही प्यालो तिकडे. हिनं बनवलेली. एक ग्लास.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. “बरी लागली?”

“हो.”

“त्याह्यलेही पहिली बरीच लागली व्हती,” त्या म्हणाल्या आणि लोट्यावरचा आंबा सरळ करून ठेवला.

 माजघरात पाट्यावरच्या पुरणाला माशा आल्या होत्या, त्या तेजल नुसत्या हातानं हाकत बसली. थोड्या वेळानं वहिनींनीच विचारलं, “तिकडचे माणसं पिऊन मरत नही का?”

“मरतात. आमच्या मालकाचे वडील त्यातच गेले.”

“अन् तो पोरगा तरी तेच करते? त्याची माय काय म्हणते त्याले?”

“ती त्याच्या कारखान्यात पाऊल ठेवत नाही. पण दर रविवारी त्याला जेवायला बोलावते. नाही गेला तर भांडते.”

वहिनींनी पुरणावर ताट झाकलं. “बराबर करते,” त्या म्हणाल्या. “चाल, जेवून घे. रस काया पडीन नहीतर.”

दुसऱ्या दिवशीचं ऊन मला कातडीवर आठवतं. शाळेच्या पटांगणात मांडव नव्हता. एका भिंतीची सावली होती, तिच्या कडेकडेनं बायकांची रांग. आणि सुना येत होत्या. फाट्यावर एसटी थांबली की त्यातून दोघी-चौघी उतरत, कोणी बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून येत होती, कोणी रिक्षात कोंबून. अंगावर माहेरची नवी साडी, तोंडावर धूळ, हातावर कालची मेंदी. अजून लालभडक. आत गेलं की शाई लावणारा मास्तर बोट धरून जागा शोधायचा. आमच्या घराण्यातल्या एका सुनेला सासऱ्यानं दारातच विचारलं, “काय वं, माहेर सोडून आली?” ती म्हणाली, “आबा, तुमचीच बाटली पाडाले आली.” रांग हसली. आबाही हसले, पण कमी.

संजू फाटकाशी उभा होता. पांढरा शर्ट, हातात थंड पाण्याची बाटली. तेजलला बघून त्याला आयतंच मिळालं.

“अरे, तेजलताई. मी काय म्हणतो काका, ताईची बिअर आपल्याच दुकानात ठेवू ना. घरचा माल घरात. काकूही मंग बंद नही करनार.”

दोन-चार पोरं खी खी करून हसली. रांगेतल्या बायका वहिनींकडे बघायला लागल्या. वहिनी रांगेच्या तोंडाशी होत्या आणि त्यांचा चेहरा मला पाठमोरा होता. फक्त मान ताठ झाली ते दिसलं. तेजल थांबली.

“संजूदादा, वापसी कोणाला देतोस तू?”

“पल्पवाल्याले. काहून?”

“ती माझ्याकडे येते. तिचीच बनवते मी. तू केळी विकायची बंद करणार का?”

“मी कशाले बंद करू?”

“मग मीही नाही करणार. पण शाळेच्या वाटेवर दुकान नको. बाजूला हो, मला मत द्यायचंय.”

संजू बाजूला झाला. लाजून नाही, रस्ता द्यायचा म्हणून. त्याला ते पटलं असं मी म्हणत नाही. मला स्वतःलाही ते पूर्ण पटलंय का? पुष्कळदा उलटसुलट करून बघितलं. महाग डब्यातली, चवीनं प्यायची बिअर चांगली आणि फाट्यावरची वाईट, असं म्हणणं मला जमत नाही. आमच्या पोरीची ती कला आणि संजूचा तो धंदा, असंही नाही. नोवी सादमध्येही कोणाची तरी बायको वाट बघत असेल. हे सगळं मला दिसतं. पण माझं आयुष्य गाळ खाली बसवण्यात गेलं असलं तरी या एका पाण्यात मी तुरटी फिरवणार नाही. वहिनी बरोबर आहेत. तेजल बरोबर आहे. दोघींपैकी एकीला चूक ठरवून मला मोकळं करायला जे जे येतात, त्यांना मी परत पाठवतो. धुळ्याचे माझे सुशिक्षित मित्र म्हणतात, तुझ्या वहिनी जुन्या वळणाच्या, जग कुठे गेलं बघ. त्यांच्या घरातलं कोणी असं गेलेलं नाही. भाऊबंद म्हणतात, पोरीला हातातून घालवलीस. पोरगी हातात ठेवायची वस्तू नव्हतीच. आणि ज्यूसची कंपनी हा शब्द मी बंद केला आहे. लग्नकार्यात कोणी विचारलं की सांगतो, बिअर बनवते. ताट हातात घेतलेली माणसं थोडी मागे सरकतात. सरकू देत. अपराधी मला वाटतंच, झोपेतही वाटतं. पण त्या वाटण्यापायी पोरीचं नाव खाली मान घालून घेणार नाही.

आडवी झाली. थोडक्यात झाली, पण झाली. मोजणी संपल्यावर बायकांनी गुलाल आणला होता तो उधळला आणि सुना तशाच गुलालानिशी परतीच्या एसटीत चढल्या, राहिलेलं माहेर पुरवायला. तेजलच्या जाण्याच्या दिवशी वहिनींनी तिला कुरडया, पापड, मेतकूट बांधून दिलं. शाल मात्र घेतली नाही. त्या पगारातली वस्तू त्या घेणार नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तेजलनं विचारलं नाही. निघताना तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि एवढंच म्हणाल्या, “दिवाळीले ये.” ती दिवाळीला आली. शाल पुन्हा आणली, पुन्हा परत गेली.

यंदा तेजलला आखाजीला यायला जमलं नाही. नोवी सादला ‘वैशाख’ पुन्हा काढायचं चाललं आहे. तिनं फोनवर टाकी दाखवली, वर पांढरा फेस फुगून आला होता. वहिनी शेजारीच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फोनकडे बघितलं नाही, पण तांदळातला हातही हलेना.

संजूचं शटर काही महिने बंद होतं. त्यानं तिथे खताचं दुकान काढलं आहे. मात्र शेजारच्या गावच्या हद्दीत, आमच्या शिवेला लागून, दुसऱ्या कोणाची तरी नवी बिअर शॉपी उघडली. आमची माणसं आता शेतातून आडवाटेनं तिकडे जातात. हे व्हायचंच होतं, असं गावातले शहाणे सांगतात. वहिनींनी ते ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, गाडी काढा.”

मी त्यांना त्या गावी घेऊन गेलो. मारुतीच्या पारावर बायका जमल्या होत्या. वहिनींनी सह्यांचा कागद आणि त्या गावची मतदार यादी मांडली, नियम समजावला, तारीख आखाजीची मागू नका हेही सांगितलं, त्यावर बायका हसल्या. पण पेन कोणी हातात घेईना. मग मागच्या बाजूला उभी असलेली एक तरुण, धीट बाई म्हणाली, “अक्का, राग नका मानू. पण आम्ही ऐकलं की तुमच्या घरची पोरगीच परदेशात बिअर बनवते. पहिले तिचं बंद करा ना.”

मी पुढे झालो. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. वहिनींनी हातानं मला मागे केलं. वर्षभरात, त्याआधीच्या वर्षांतही, ‘बिअर’ हा शब्द त्यांनी तेजलच्या नावाबरोबर कधी उच्चारला नव्हता.

“बनवते,” वहिनी म्हणाल्या. “माह्यीच पोरगी हाये. बिअर बनवते, मले ते पटत नही, अन् ती ऐकत नही. पण मत टाकाले ती सातासमुद्रापलीकडून आली व्हती.” त्यांनी कागद त्या बाईपुढे सरकवला. “तुह्यी नणंद जळगावले शिकाले राहते ना? तिचं नाव याच यादीत हाये. ती येईन का?”

ती बाई पुढे आली. मग तिनं पदराला हात पुसले आणि पेन मागितलं.